दोन शब्दांची भाषा, तेराशे शब्दांची भाषा

मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "भाषा कशी चालते याबद्दलच्या कल्पना तपासण्यासाठी काही लोकांनी मुद्दाम नव्या भाषा बनवल्या, असं वाचलं. लोझबान, लाआदन वगैरे. त्यातून खरंच काही सिद्ध झालं का? आणि मी सहा महिने देऊन लोझबान शिकले, तर माझ्या विचार करण्यात फरक पडेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. लोझबान जरूर शिका, पण विचार जास्त तर्कशुद्ध होतील या भरवशावर शिकू नका. तसा पुरावा नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र "हो" असं आहे. बनवलेल्या भाषांनी आपल्याला खूप काही दाखवून दिलं. फक्त ज्यांनी ते दाखवलं, त्या भाषांना बहुतेक वेळा नावसुद्धा नसतं. त्या दोन शब्दांच्या, बारा शब्दांच्या, फार तर सत्तावीस शब्दांच्या असतात. सकाळी शिकवायच्या, दुपारी परीक्षा घ्यायची, संध्याकाळपर्यंत शिकणारा विसरलेला असतो. मी गेली 20 वर्षं अशा भाषा बनवते आहे. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून ठेवते.

पण सुरुवात मोठ्या भाषांपासूनच करायला हवी, कारण त्यांच्यामागचा विचार फार देखणा होता.

जेम्स कुक ब्राउन हे अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात होते. 1955 मध्ये त्यांनी 'लॉगलॅन' ही भाषा घडवायला घेतली. माणूस ज्या भाषेत वाढतो तिची घडण त्याच्या विचारांना वळण लावते, ही बेंजामिन ली वॉर्फ यांची मांडणी त्या काळात जोरात चर्चेत होती. प्रश्न होता ती तपासायची कशी. होपी ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची भाषा बोलणारा शेतकरी आणि इंग्रजी बोलणारा कारकून यांच्यात फक्त भाषेचा फरक नसतो. घर, बालपण, सणवार, पोटापाण्याचा उद्योग, सगळंच वेगळं. विचारात फरक सापडला तरी तो भाषेच्या खात्यावर मांडायचा की बाकीच्याच्या, हे सांगता येत नाही. ब्राउन म्हणाले, जिच्यामागे कुठलाच समाज नाही अशी भाषा बनवू. तिचा एकच गुण, तर्काची बाजू, टोकाला नेऊ. मग ती शिकलेली माणसं तर्काच्या बाबतीत खरंच पुढे जातात का, ते मोजू. जून 1960 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांनी ही योजना मांडली आणि जगभरातून लोक तिच्याकडे ओढले गेले.

पुढे भाषेवरच्या हक्कावरून वाद झाला. ब्राउन भाषा आपल्या हातातून सोडायला तयार नव्हते आणि शिकणाऱ्यांना ती मोकळी हवी होती. 1987 मध्ये काही जण वेगळे झाले, त्यांनी सगळे शब्द नव्याने घडवले आणि त्या भाषेचं नाव ठेवलं 'लोझबान'. 'लॉगलॅन' या नावाचा वाद अमेरिकेतल्या न्यायालयापर्यंत गेला आणि 1992 मध्ये निकाल लागला की हे नाव कुणा एकाची मालमत्ता नाही. लोझबानचे मूळ शब्द सुमारे 1,350 आहेत. ते चिनी, हिंदी, इंग्रजी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या सहा भाषांतल्या शब्दांचे आवाज एकत्र तोलून बनवले. आईला लोझबानमध्ये 'मामता' म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द पाठ करावा लागत नाही.

ही भाषा आतून कशी आहे, ते एका शब्दावरून दाखवते. 'क्लामा' म्हणजे जाणं किंवा येणं. हा शब्द म्हणजे पाच पाट मांडलेली पंगत आहे. पहिल्या पाटावर जाणारा, दुसऱ्यावर पोचायचं ठिकाण, तिसऱ्यावर निघायचं ठिकाण, चौथ्यावर वाट, पाचव्यावर वाहन. आपण म्हणतो, "मी पुण्याहून नारायणगावमार्गे एसटीने नाशिकला जाते." आपल्याकडे 'हून', 'मार्गे', 'ने', 'ला' ही शेपटं कोण कोणत्या नात्याचा ते सांगतात, म्हणून शब्द मागेपुढे करता येतात. लोझबानमध्ये शेपूट नाही, फक्त पाट. नाशिक दुसऱ्या पाटावर बसलं म्हणून ते पोचायचं ठिकाण. पाहुणा आला नाही तरी पाट उचलत नाहीत. वाहनाचा उल्लेख केला नाही, तरी 'कशाने तरी' जाणं झालं हे त्या शब्दातच आहे. शिकताना सुरुवातीला हे डोकं पिंजून काढतं. आपण किती गोष्टी न सांगता सोडतो, याची जाणीव पहिल्यांदा तिथे झाली.

दुसरी गोष्ट संदिग्धतेची. "लहान मुलींची शाळा" असा फलक समजा. मुली लहान की शाळा लहान? मराठीत कळत नाही, कारण 'लहान' हे विशेषण बदलत नाही. तिथे 'छोटा' वापरून बघा. "छोट्या मुलींची शाळा" म्हटलं की मुली छोट्या, "छोटी मुलींची शाळा" म्हटलं की शाळा छोटी. म्हणजे विशेषण कोणतं निवडलं, त्यावर वाक्य दुहेरी होणार की एकेरी ते ठरतं. लोझबानमध्ये असं नशिबावर सोडत नाहीत. 'श्मालु निख्ली श्कुले' म्हटलं की पहिले दोन शब्द आधी जोडायचे, म्हणजे लहान मुलींची शाळा, मुली लहान. शाळा लहान असेल तर 'श्मालु निख्ली बो श्कुले'. तो 'बो' मुलींना आणि शाळेला घट्ट बांधतो. या भाषेचं व्याकरण संगणकाकडून तपासून घेतलेलं आहे. कुठल्याही बरोबर वाक्याची फोड एकाच प्रकारे होते. हे खरोखर मोठं काम आहे. अशी भाषा माणूस वापरू शकतो, एवढं तरी त्यातून निर्विवाद दिसलं.

आता गंमत अशी की लोझबानमध्ये मुद्दाम घडवलेल्या कितीतरी सोयी आपल्या घरात आधीपासून आहेत. तिथे 'मिहो' म्हणजे मी आणि तू, आणि 'मिहा' म्हणजे मी आणि दुसरे, तू सोडून. म्हणजे आपले 'आपण' आणि 'आम्ही'. तिथे ऐकीव गोष्टीला 'तिहे' लावतात. आपण "तो उद्या येणार आहे म्हणे" असं म्हणतो आणि जबाबदारी त्या 'म्हणे'वर टाकतो. "चहा की कॉफी?" आणि "चहा किंवा कॉफी मिळेल का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला "हो" हे उत्तर चालत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द येतो. लोझबानमध्ये निवड विचारायला 'झी' असा स्वतंत्र शब्द ठेवला आहे, आणि त्याचं काम शिकवताना मी मराठी विद्यार्थ्यांना एवढंच सांगते की हा आपला 'की'. तुम्ही मराठीच्या विद्यार्थिनी आहात म्हणून हे लांबवलं. लोझबान शिकून तुमचा तर्क सुधारेल की नाही माहीत नाही, पण मराठीकडे बघायची नजर नक्की सुधारेल.

मग ब्राउन यांचा प्रयोग? त्यांना हवा होता तसा तो आजवर झालेलाच नाही, आणि माझ्या मते होणारही नाही. अडचण मेहनतीची नाही, मांडणीची आहे. लोझबान शिकायला येतो कोण? ज्याला आधीच तर्कशास्त्राची किंवा संगणकाची ओढ आहे तो. सहा महिन्यांनी त्याचा तर्क चांगला निघाला, तर तो लोझबानमुळे की तो मुळातच तसा होता म्हणून? समजा चिठ्ठ्या टाकून शंभर माणसं निवडली आणि त्यांना पगार देऊन भाषा शिकवली. तरीही लोझबानमध्ये एका वेळी शंभर गोष्टी वेगळ्या आहेत: पाट, बो, झी, तिहे, नाम आणि क्रियापद असा भेदच नसणं. फरक दिसला तर तो यातल्या कशाने पडला? औषधाच्या एका पुडीत शंभर मुळ्या कुटून घातल्या आणि रोगी बरा झाला, तर कुठल्या मुळीने बरा झाला हे वैद्यालाही सांगता येत नाही. संस्कृतीचा गुंता सोडवायला निघालेली भाषा स्वतःच एक गुंता होऊन बसली.

लाआदनची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. सुझेट हेडन एल्जिन या भाषाशास्त्रज्ञ होत्या, कादंबरीकारही होत्या. 1982 मध्ये त्यांनी ही भाषा सुरू केली. त्यांचं म्हणणं होतं की बायकांच्या अनुभवातल्या कितीतरी गोष्टींना रूढ भाषांत शब्दच नाहीत, त्या सांगायला परिच्छेद लागतो, आणि परिच्छेद पुरा होईपर्यंत ऐकणारा उठून गेलेला असतो. लाआदनमध्ये प्रत्येक विधानाच्या शेवटी ते कुठून कळलं हे सांगावं लागतं. स्वतः पाहिलं-अनुभवलं असेल तर 'वा', स्वप्नात दिसलं असेल तर 'वे'. विश्वासाच्या माणसाकडून कळलं असेल तर वेगळा शब्द, आणि सांगणाऱ्यावर विश्वास नसेल तर आणखी वेगळा. शब्दसंग्रहात एक शब्द आहे 'रादीइदिन'. म्हणायला सण, पण तयारी आणि पाहुण्यांची ऊठबस यांच्या ओझ्याने नकोसा झालेला दिवस, विशेषतः जेव्हा पाहुणे खूप असतात आणि मदतीला कुणी उठत नाही. हा अर्थ मी वर्गात पहिल्यांदा वाचून दाखवला, तेव्हा गणपतीच्या दिवसांत सासरी राबून आलेल्या एका विद्यार्थिनीने तो शब्द तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतला. शब्द नव्हता, अनुभव मात्र ती घेऊनच आली होती.

एल्जिन यांनी स्वतःच्या प्रयोगाला दहा वर्षांची मुदत दिली होती. तेवढ्यात बायका एक तर लाआदन उचलतील, नाही तर ती बाजूला ठेवून स्वतःची याहून चांगली भाषा बनवतील, असा त्यांचा अंदाज होता. दहा वर्षांत दोन्ही झालं नाही आणि त्यांनी तसं मोकळेपणाने सांगितलं. मुदत घालणं, निकाल काय आला तर अंदाज चुकला म्हणायचा ते आधी लिहून ठेवणं, आणि चुकला तर चुकला म्हणणं, हे या सगळ्या मोठ्या भाषांच्या इतिहासात फार कमी जणांनी केलं. मी त्यांच्याकडून हेच घेतलं.

बाकीच्या भाषांवर थोडक्यात. सोन्या लँग यांची 2001 मधली 'तोकी पोना' सुमारे 120 शब्दांची आहे. इतक्या कमी शब्दांत जग मावतं का, हा तिचा प्रश्न. 'तोमो' म्हणजे घर, 'तावा' म्हणजे हालचाल, म्हणून 'तोमो तावा' म्हणजे गाडी. प्रसंग बघून जोडणी दरवेळी नव्याने करायची, असा मूळ बेत. पण बोलणारे वाढले तशा काही जोड्या ठरून गेल्या आणि आता त्या जवळजवळ शब्दांसारख्याच चालतात. शब्द कमी ठेवा म्हणून सांगणारी भाषासुद्धा बोलणाऱ्यांच्या तोंडी शब्द वाढवते, हा मला तिच्यातला खरा निकाल वाटतो. जॉन क्विहादा यांची 'इथकुइल' उलट्या टोकाची: अर्थाची प्रत्येक छटा व्याकरणात बसवलेली. तिचे कर्तेसुद्धा ती सहज बोलू शकत नाहीत. आणि फार मागे, 1668 मध्ये, इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्स यांनी साऱ्या सृष्टीचं वर्गीकरण करून त्यातून शब्द पाडले. शब्दाचं प्रत्येक अक्षर वर्ग, पोटवर्ग सांगणारं. त्यामुळे जवळच्या वस्तूंचे शब्द एका अक्षराने वेगळे झाले. ट्यूलिपचं फूल म्हणजे 'गापे', सातू म्हणजे 'गादे'. खुद्द विल्किन्स यांच्या ग्रंथात एका ठिकाणी ट्यूलिपच्या जागी सातूचा शब्द पडला आहे, हे पुढे उंबेर्तो एको यांनी दाखवून दिलं. अर्थाने जवळ असलेले शब्द आवाजाने पुरेसे दूर का असावे लागतात, याचा इतका चांगला पुरावा मुद्दाम शोधूनही मिळाला नसता. लक्षात घ्या, पुरावा त्यांच्या रचनेत नाही, त्यांच्या चुकीत आहे.

इथून पुढे माझ्या धंद्याची गोष्ट.

ब्राउन यांना तेराशे शब्दांतून जे साधलं नाही, त्यातला एक लहान तुकडा गॅरी लुप्यान आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दोन शब्दांत तपासला. पडद्यावर परग्रहावरचे प्राणी दिसतात. काहींच्या जवळ जायचं, काहींपासून दूर पळायचं. दोन्ही जातींमधला फरक बारीक, डोक्याच्या आकारात. बरोबर की चूक ते प्रत्येक वेळी लगेच कळतं, त्यामुळे हळूहळू सगळेच शिकतात. अर्ध्या लोकांना उत्तर दिल्यावर त्या जातीचं नावही कळायचं, 'लीबिश' किंवा 'ग्रेशस'. नावातून नवी माहिती काहीच मिळत नव्हती. बरोबर की चूक हे आधीच सांगून झालेलं. तरीही नावं मिळालेले लोक जातींमधला भेद लवकर शिकले. नावाऐवजी तो प्राणी कुठल्या दिशेला राहतो असली खूण दिली, तर तो फायदा मिळाला नाही. शब्द हाताशी असला की जगाची विभागणी करणं सोपं जातं, एवढीच गोष्ट यातून कळते. ती लहान आहे, पण पक्की आहे. दोन्ही गटांत बाकी सगळं सारखं होतं, म्हणून ती पक्की आहे.

बाळांवरचा प्रयोग तुम्ही कदाचित ऐकला असेल. 1996 मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना फक्त दोन मिनिटं एक सपाट आवाज ऐकवला: बिदाकुपादोतिगोलाबुबिदाकुतुपिरो... मध्ये थांबा नाही, चढउतार नाही. चार शब्द उलटसुलट क्रमाने, सलग. 'बिदा'नंतर नेहमी 'कु' येतो, पण 'कु'नंतर तीनपैकी काहीही येऊ शकतं. शब्द कुठे संपतो याची तेवढी एकच खूण. नंतर बाळांना खरे शब्द आणि दोन शब्दांच्या सांध्यावरचे तुकडे वेगवेगळे ऐकवले, तर ती तुकड्यांकडे जास्त वेळ कान देत राहिली. म्हणजे शब्द त्यांना ओळखीचे झाले होते आणि तुकडे अनोळखी वाटले. आपण बोलताना शब्दांमध्ये जागा सोडत नाही. लिहिताना सोडतो म्हणून बोलतानाही सोडतो असं वाटतं. मूल त्या सलग धारेतून शब्द कसे वेचून काढतं, त्याचा एक मार्ग या चार शब्दांनी दाखवला.

हाच प्रयोग मी एकदा आपल्याकडच्या मुलांबरोबर प्रात्यक्षिक म्हणून करायला गेले. मूळ शब्द तसेच उचलले. 'पादोति' आला आणि सगळी मुलं हसत सुटली. ती हसणारच. मग दर तीन-चार शब्दांनी तो यायचा आणि दर वेळी हशा. चूक माझी होती. निरर्थक शब्द प्रत्येक भाषेत निरर्थक नसतो, हे ठाऊक असूनही मी यादी मराठी कानाने वाचून पाहिली नव्हती. तेव्हापासून माझा नियम आहे. शब्दांची यादी झाली की ती आधी एखाद्या शाळकरी मुलासमोर मोठ्याने वाचायची आणि त्याचा चेहरा बघायचा.

पण मला कुणी एकच प्रयोग सांगा म्हणालं, तर मी सायमन कर्बी, हॅना कॉर्निश आणि केनी स्मिथ यांचा एडिंबरामधला 2008 चा प्रयोग सांगेन. लहानपणी आपण कानगोष्टी खेळायचो. पहिल्याच्या कानात एक वाक्य, शेवटच्याच्या तोंडून भलतंच. या लोकांनी भाषेच्या कानगोष्टी खेळल्या. 27 चित्रं: तीन आकार, तीन रंग, तीन प्रकारची हालचाल. प्रत्येकाला एक मनाला येईल तसा बनवलेला शब्द. त्यांत कसलीही संगती नाही. पहिल्या माणसाला सुमारे निम्म्याच जोड्या शिकवल्या आणि परीक्षेत सगळ्या 27 चित्रांची नावं विचारली. जी शिकवलीच नव्हती त्यांचीही. त्याला हे कळलंही नाही. आठवत नाही असं समजून त्याने अंदाजाने लिहिलं. त्याची उत्तरं हीच दुसऱ्या माणसाची भाषा, दुसऱ्याची तिसऱ्याला. अशा दहा पिढ्या.

कानगोष्टीत निरोप बिघडतो. इथे उलट झालं, भाषा शिकायला सोपी होत गेली. पहिल्या प्रकारात ती सोपी झाली ती शब्द गळून. एका साखळीत शेवटी आडवं जाणाऱ्या सगळ्या चित्रांना 'तुगे', गोल फिरणाऱ्या सगळ्यांना 'पोई'. रंग पार गेला. शिकायला सोपी, पण तिच्यात 'निळा त्रिकोण दे' म्हणता येत नाही. मग त्यांनी एकच बदल केला. एका पिढीच्या उत्तरात दोन चित्रांना एकच शब्द आला, तर त्यातली जादा जोडी पुढच्याला दाखवायची नाही. बाकी काही नाही. आणि आता शब्दांना अवयव फुटले. एका साखळीत काळ्या चित्रांचे शब्द 'न'ने सुरू होऊ लागले, निळ्यांचे 'ल'ने, लालचे 'र'ने. आडवं जाणाऱ्यांच्या शेवटी 'की', उड्या मारत जाणाऱ्यांच्या शेवटी 'प्लो', गोल फिरणाऱ्यांच्या शेवटी 'पिलु'. मधे आकार. म्हणजे उपसर्ग, धातू, प्रत्यय. कुणी ते योजलं नव्हतं. एकाही माणसाने "आपण रंगासाठी पहिलं अक्षर ठेवू" असं ठरवलं नाही. ज्याला त्याला वाटत होतं की आपण फक्त शिकवलेलं आठवून लिहितो आहोत.

मी हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री उशिरापर्यंत जागी होते. 'घराला, झाडाला, नदीला' यांतला 'ला' कुठून आला याचा इतिहास आपण शब्दागणिक लावू शकतो. पण मुळात भाषेला असे जोडता-सोडता येणारे तुकडे असावेतच का, याचं एक उत्तर समोर उभं होतं. शिकणाऱ्याला सगळं कधीच ऐकायला मिळत नाही आणि त्याला न ऐकलेलंही बोलावं लागतं. भाषा एकाकडून दुसऱ्याकडे जाताना या अरुंद खिंडीतून जाते. जे तुकड्यांत बसतं ते पलीकडे पोचतं. पण नुसती खिंड पुरत नाही. वेगळ्या गोष्टी वेगळ्या सांगण्याची गरजही लागते. ही गरज नसेल तर शब्द कोसळून मोजकेच उरतात. खिंड नसेल तर 27 शब्द पाठ करत बसावं लागतं.

मुलांचं काय? कार्ला हडसन-काम आणि न्यूपोर्ट यांनी अशी भाषा शिकवली, जिच्यात एक लहानसा शब्द नामाबरोबर कधी येतो, कधी येत नाही, कशाचाही नियम नाही. मोठी माणसं साधारण ऐकलं त्याच प्रमाणात तो वापरत राहिली. पाच ते सात वर्षांच्या मुलांतल्या बऱ्याच जणांनी मात्र स्वतःचा नियम करून टाकला: कायम वापरायचा, नाही तर अजिबात नाही. 'केलं'ला 'करलं' म्हणणारं मूल घरात असेल, तर ते काय करत असतं हे यावरून नीट कळतं. आपण त्याला चूक म्हणून हसतो, पण त्या चुकीत नियम आपल्यापेक्षा जास्त असतो.

शब्दांच्या क्रमाबद्दल जेनिफर कल्बर्टसन आणि डेव्हिड ॲजर यांचं 2014 चं काम मला फार नेमकं वाटतं. आपण "ही लाल फुलं" म्हणतो, इंग्रजीतही क्रम तोच. त्यांनी इंग्रजी भाषकांना अशी भाषा शिकवली की जिच्यात नाम आधी येतं. 'फुलं लाल' शिकवलं, 'फुलं ही' शिकवलं, पण दोन्ही एकत्र कधीच दाखवलं नाही. मग विचारलं, आता दोन्ही एकत्र म्हणा. इंग्रजीचा क्रम उचलला असता तर 'फुलं ही लाल' आलं असतं. बहुतेक वेळा आलं ते 'फुलं लाल ही'. म्हणजे रंग वस्तूला चिकटून आणि 'ही' सगळ्यात बाहेर, आरशातल्यासारखं. जगातल्या भाषांमध्येही हाच क्रम जास्त सापडतो.

इथे एक मोठा खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडले आहे. एका प्रयोगात माझ्या भाषेतलं क्रियापद मी कुठेही ठेवायची मोकळीक दिली होती. शिकणाऱ्यांनी ते शेवटी ढकललं. मला वाटलं, मनाचं वळणच हाती लागलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कागद वाचून एवढंच विचारलं, "अहो, हे मनाचं वळण की मराठीचं?" सगळे सहभागी मराठी होते. चार महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. म्हणून पुढे कल्बर्टसन यांच्या गटाने केनियात केलेलं काम महत्त्वाचं आहे. तिथल्या कीथराका भाषेत 'ही'सारखा शब्द नामाच्या लगत येतो आणि विशेषण दूर. ती बोलणाऱ्यांनीही नव्या भाषेत विशेषणच नामाजवळ ठेवलं, स्वतःच्या मातृभाषेच्या विरुद्ध जाऊन. असा पुरावा मिळाला की मग मनाबद्दल बोलावं.

काही जण याच्याही पुढे जाऊन, जगातल्या कुठल्याच भाषेत नाही असा नियम मुद्दाम शिकवतात. नील स्मिथ आणि इयान्थी त्सिम्प्ली यांनी अनेक भाषा सहज उचलणाऱ्या एका असामान्य माणसाला 'एपुन' नावाची भाषा शिकवली. तिच्यात जोर द्यायचा असेल तर वाक्यातल्या तिसऱ्या शब्दाला प्रत्यय लावायचा, तो शब्द कुठलाही असो. त्यालाही तो नियम उमगला नाही आणि तुलनेसाठी घेतलेल्या साध्या माणसांनाही नाही. तीनपर्यंत मोजणं कुणाला अवघड होतं? पण व्याकरण शोधताना डोकं मोजणीकडे वळतच नाही.

आता तुमच्यासाठी. सहा महिने आहेतच, तर एक महिना लोझबानला द्या, 'क्लामा'चे पाच पाट पुरते अंगवळणी पडेपर्यंत. बाकीचा वेळ स्वतः एक भाषा बनवायला ठेवा, आणि ती लहान ठेवा. नऊ चित्रं काढा: गोल, चौकोन, त्रिकोण, आणि प्रत्येक लाल, निळा, काळा. नऊ निरर्थक शब्द घ्या, एकमेकांशी काही संबंध नसलेले, आणि ते आधी घरातल्या एखाद्या मुलाला वाचून दाखवा. पहिल्या मैत्रिणीला सहाच चित्रांचे शब्द शिकवा, विचारा मात्र नऊच्या नऊ. तिच्या उत्तरांतली कुठलीही सहा पुढचीला. दोन चित्रांना एकच शब्द आला असेल तर त्यातलं एकच पुढे जाऊ द्या. कुणाला दुरुस्त करू नका, आणि "हे चुकलं" असं चेहऱ्यावरसुद्धा येऊ देऊ नका. आठव्या मैत्रिणीचा कागद हाती आला की तो पहिल्या कागदाशेजारी ठेवा. आणि वाचायला सुरुवात करा ती तुम्ही न शिकवलेल्या तीन चित्रांपासून.